गंगेवरून टेकावर: जुनं नाशिक पायी कसं पाहावं

नोकरीसाठी नाशिकला आलो त्या पहिल्याच रविवारी रिक्षावाल्याला म्हणालो, "गोदावरीच्या काठी सोडा." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "गंगेवर ना?" मी पुन्हा म्हणालो, "गोदावरीवर." तो म्हणाला, "तेच ते. बसा."

जुन्या नाशकात गोदावरीला गंगा म्हणतात. "गंगेवर गेले होते", "गंगेला पूर आलाय", "बुधवारी गंगेवर बाजार असतो", असं सरसकट बोलणं. हा एक शब्द लक्षात ठेवला की रस्ता विचारताना निम्मं काम होतं.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, अंबड या भागात राहायला आलेल्यांची पंचवटीशी ओळख पाहुणे आले की होते. गाडी लावायची, काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, परत. नदीपलीकडचं गाव राहूनच जातं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वाट गोल आहे, पंचवटी कारंजापासून निघून तिथेच परत येते. अंतर तीन-चार किलोमीटर असेल, पण रमतगमत चार तास धरा.

निघण्याआधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. नाशिक नऊ टेकांवर, म्हणजे लहान टेकड्यांवर, वसवलं अशी जुनी म्हण आहे. जुनी गढी, नवी गढी, कोकणी टेक, पठाणपुरा, जोगवाडा, डिंगर अळी, सोनार अळी अशी त्या टेकांची नावं सांगतात. आता घरं इतकी दाटली आहेत की टेक डोळ्यांना दिसत नाही, पोटऱ्यांना मात्र बरोबर कळतं. चढ लागला की आपण जुन्या वस्तीत शिरतोय. उतार लागला की खाली नाला तरी आहे नाहीतर गंगा. नकाशापेक्षा ही खूण जास्त उपयोगी, कारण गल्ल्यांमध्ये मोबाइलवरचा निळा ठिपका हमखास भरकटतो.

कधी जावं, काय घालावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी साडेसहाला पंचवटी कारंजावर उभं राहायचं. जवळच्या निमाणी बसस्थानकावर येणारी सिटीलिंकची कोणतीही बस चालेल. नाशिकरोड स्टेशनवरून येणार असाल तर नऊ-दहा किलोमीटरचा रस्ता आहे, तेवढा वेळ धरा. स्वतःची गाडी आणू नका, हे मनापासून सांगतो. सराफ बाजारात चारचाकी घेऊन शिरलेला माणूस नंतर त्याबद्दल बोलत नाही.

पायात पटकन काढता येणारी, पण तळ न घसरणारी चप्पल हवी. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. माझा एक मित्र फोटोसाठी शेवटच्या पायरीवर उतरला आणि न ठरवता त्याचं तीर्थस्नान झालं. सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि रिकामी पिशवी बरोबर घ्या. पिशवी कशाला ते भांडी बाजारात कळेल.

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे कुठे खोदकाम, कुठे अडवलेला रस्ता लागेल. अशा वेळी फलक वाचत बसण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारा.

काळाराम

कारंजापासून काळाराम मंदिर चालत पाच-सात मिनिटांवर. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मंदिर बांधलं. दगड जवळच्या रामशेजचा. काम बारा वर्षं चाललं असं सांगतात. आत गेल्यावर लगेच गाभाऱ्याकडे धावू नका. आधी आवाराच्या भिंतीलगत, ओवऱ्यांच्या कडेने एक फेरी मारा. कमानींच्या सावलीत थांबून मंदिराकडे पाहिलं की सभामंडप देवळापासून सुटा बांधलेला दिसतो आणि काळ्या दगडावर कोवळं ऊन तिरपं पडलेलं असतं. साडेनऊनंतर हेच दृश्य पाहायला आलात तर माणसांची डोकी दिसतील.

याच दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. लढा पुढे काही वर्षं चालला. त्या काळी दारं आतून लावून घेतली होती, हे मनात ठेवून महाद्वाराच्या जाड फळ्यांकडे पाहा.

चैत्रात, रामनवमीनंतरच्या एकादशीला इथून रामाचा आणि गरुडाचा असे दोन रथ निघतात. रामाचा रथ गंगा ओलांडत नाही, गरुडरथ पलीकडच्या गावात फिरून येतो. त्या दिवशी ही भटकंती करायला जाऊ नका, रथ पाहायला जा.

सीतागुंफा शेजारीच आहे आणि तिथली रांग सकाळीही मोठी असते. आतली वाट बसून, वाकून जाण्याइतकी अरुंद. गुडघे दुखत असतील तर बाहेरचे वड पाहा आणि पुढे निघा.

उताराने गंगेवर

आता उतार लागतो. वाटेत कपालेश्वर आहे, रामकुंडाकडे तोंड करून उंचावर बसलेला. महादेवापुढे नंदी नसलेलं देऊळ म्हणून त्याची ख्याती. पायऱ्या चढून वर गेल्यावर मागे वळून पाहा: रामकुंड, घाट, पूल आणि पलीकडे वर चढत गेलेलं गाव एका नजरेत येतं. ज्या टेकांबद्दल वर लिहिलं, ते इथून कळायला सुरुवात होते.

रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकरांनी बांधलं. इथे गोदावरी दक्षिणेकडे वळते, म्हणून या जागेचं महत्त्व. सकाळी एकीकडे स्नानं, दुसरीकडे अस्थिविसर्जन, मधे पोहणारी पोरं आणि काठावर फुलं-दिवे विकणाऱ्या बायका, हे सगळं एकाच पाण्यात चाललेलं असतं. इथे कॅमेरा खाली ठेवा. डोकं भादरून बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा नसतो, त्याच्या घरात नुकतंच कोणीतरी गेलेलं असतं.

फोटोऐवजी एक करा. इथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या नामावळी असतात. मूळ गाव, आडनाव आणि आजोबा-पणजोबांचं नाव सांगितलं तर तुमच्या घराण्याची वही कोणाकडे आहे ते ते सांगतात. माझ्या बायकोच्या माहेरची वही अशीच सापडली. तिच्या पणजोबांनी मोडीत केलेली सही होती, खाली शाईचा डाग. गुरुजी म्हणाले, "डाग त्यांचाच. घाईत होते बहुतेक." वही पाहिल्यावर दक्षिणा द्यावी, आणि आपल्या पिढीची नावं लिहून यावीत.

पाण्याचं माप

रामकुंडापासून खालच्या अंगाला नदीच्या पात्रातच उभा असलेला शेंदरी मारुती म्हणजे दुतोंड्या मारुती. दोन्ही बाजूंना तोंड, म्हणून दुतोंड्या. नाशिककरांसाठी ही पूरमापक पट्टी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घरोघरी एकच प्रश्न असतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्यापर्यंत आलं म्हटल्यावर सराफ बाजारातले लोक माल वर हलवायला लागतात. क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण गावाचा हिशेब मारुतीच्या अंगावर चालतो.

त्याच्याजवळ, पंचवटीच्याच काठाला, नारोशंकराचं मंदिर. १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ. या सबंध वाटेवरचं सर्वांत कोरीव काम इथे आहे आणि गंमत म्हणजे इथेच सर्वांत कमी लोक थांबतात. भोवती गढीसारखी तटबंदी आहे. दरवाजावरची मोठी घंटा पाहा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयात पोर्तुगिजांकडून मिळालेली ही घंटा. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला "नारोशंकराची घंटा" म्हणतात ती हीच. पुराच्या गोष्टी सांगताना जुनी माणसं मारुतीच्या डोक्यावरून थेट या घंटेपर्यंत पोचतात. १९६९ च्या पुराचा विषय कोणा आजोबांसमोर काढून बघा, अर्धा तास गेलाच समजा.

बुधवार असेल तर इथून पुढे गंगेच्या काठाने आठवडे बाजार भरलेला असतो. भाजीपासून दोरखंडापर्यंत सगळं मिळतं, पण त्यात शिरलात तर उरलेली वाट दुसऱ्या दिवशीच होईल.

पूल ओलांडून भांडी बाजार

रामसेतूवरून पलीकडे जा. पुरामुळे किंवा कामामुळे तो बंद असला तर खालच्या अंगाला गाडगे महाराज पूल आहे. पूल संपला की बघता बघता दुकानांचा ओळीने चकचकाट सुरू होतो. हा भांडी बाजार.

दुकानं दहाच्या सुमाराला उघडतात. आधी पोचलात तर कोपऱ्यावर चहा घ्या आणि शटर वर जाताना पाहा, आतला पितळी उजेड एकदम रस्त्यावर येतो. घंगाळ, बंब, समया, पळी-पंचपात्र, परातींच्या उतरंडी. तांबटांच्या हातोडीचा आवाज पूर्वीइतका येत नाही, पण ठोक्याचं, मठारलेलं भांडं अजून मिळतं. अंगठा फिरवून बघा, हातोडीचे बारीक खळगे बोटाला लागले पाहिजेत. यंत्रावरच्या भांड्याला पाडलेले खळगे एकसारखे असतात, हाताचे थोडे चुकतात.

तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. घरातली जुनी, फुटकी भांडी आणली तर मोड म्हणून घेतात आणि घट, म्हणजे वजनातली तूट, कापून उरलेले पैसे नव्या भांड्याच्या किमतीत धरतात. भाव आधी किलोचा विचारायचा, मग भांडं काट्यावर ठेवायचं. उलट केलंत तर तुम्ही बाहेरगावचे आहात हे दुकानदाराला कळतं. पिशवी यासाठीच आणायला सांगितली. मी दरवेळी "फक्त बघायचं" म्हणून जातो, आणि आमच्या घरी आता पाच समया आहेत.

सराफ बाजार, सरकारवाडा आणि न दिसणारा नाला

भांडी बाजाराला लागूनच सराफ बाजार. सकाळी इथे फुलवाल्यांची गर्दी असते, मग पेढ्या उघडतात. लवकर आलात आणि कोणी दुकानासमोरची धूळ जपून गोळा करताना दिसलं तर तो झारेकरी. सोनाराच्या दुकानातून झाडून निघालेल्या मातीत सोन्याचा कण असतो, ती माती धुऊन तो कण वेगळा काढणं हा त्याचा धंदा.

याच भागात सरकारवाडा आहे. पेशवेकालीन, काळ्या दगडाच्या उंच जोत्यावर उभा. १८४० मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचं "सावाना", एके काळी इथेच होतं. आता ते शालिमारजवळ आहे. वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. उघडा असेल तर आत जा, बंद असेल तर बाहेरून जोतं तरी पाहा.

जोत्याकडे पाहा असं मी म्हणतोय, त्याला कारण आहे. सराफ बाजार हा खोलगट भाग. एका बाजूने गंगा फुगते आणि दुसऱ्या बाजूने सरस्वती नाला. नाला दिसत नाही, रस्त्याखालून वाहतो. पुढे दहीपूल लागेल. नावात पूल आहे, डोळ्यांसमोर मात्र दुकानं आणि स्कूटर. पूल ज्याच्यावर होता तो नाला तुमच्या चपलेखाली आहे. जोराचा पाऊस झाला की गंगेला पूर नसतानाही इथे गुडघाभर पाणी होतं, ते या नाल्याचं. जुन्या घरांना पाच-सहा पायऱ्यांचं दगडी जोतं का, आणि नवी दुकानं रस्त्याच्या पातळीला आल्यापासून दर पावसाळ्यात ओरड का, हे इथे उभं राहिलं की आपोआप उलगडतं.

वाडे कसे पाहावेत

दहीपुलापासून तिळभांडेश्वर गल्लीकडे वळा. इथून चढ सुरू होतो.

नाशिकचे वाडे लाकडाचे. जोतं काळ्या दगडाचं, वर विटांची भिंत, आणि सगळा तोरा दर्शनी सागवानात. वाडा खालून वर वाचत जायचा. आधी जोतं आणि पायऱ्या. मग दरवाजा: मोठ्या फळीत एक लहान दार असेल तर ती दिंडी, रोजची ये-जा तिच्यातून. दाराच्या दोन्ही बाजूंना बसायची जागा म्हणजे देवडी. तिच्यावर सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले खांब, खांबांमध्ये महिरप, आणि तुळईला खालून हात दिल्यासारखे लाकडी हस्त. नक्षी या हस्तांवर एकवटलेली असते. कुठे केळफूल, कुठे पोपट, कुठे कमळ. सर्वांत वर सज्जा आणि गजाच्या खिडक्या. तळमजल्यावर मोबाइलच्या दुकानाचा पिवळा फलक असला तरी पहिल्या मजल्यावरचा हस्त बहुतेक वेळा शाबूत असतो, कारण त्याला हात लावायला कोणाला परवडत नाही.

आत जायचं असेल तर दिंडीत उभं राहून हाक मारायची: "काकू, चौक पाहिला तर चालेल का?" बऱ्याचदा हो म्हणतात. चपला दिंडीशी काढा. चौकात तुळशीवृंदावन, एखादा आड, चारी बाजूंना ओसरी. स्वयंपाकघराकडे डोकावू नका, आणि "हा वाडा पाडणार आहे का हो?" हा प्रश्न तर मुळीच विचारू नका. मालक, भाडेकरू आणि कोर्ट यांच्यात कित्येक वाडे अडकले आहेत. तो प्रश्न मी एकदा विचारला होता. समोरच्या आजी म्हणाल्या, "तुम्ही बिल्डरकडून आलात का?" पुढचा चहा आलाच नाही.

पावसाळ्यात झुकलेल्या दर्शनी भिंतीखाली थांबू नका. दरवर्षी एखादा वाडा कोसळल्याची बातमी येतेच. गंगेकाठच्या मातीच्या गढीलाही हेच लागू, तिचा कडा पावसात ढासळतो. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकच्या मातीच्या टेकाडावर उत्खनन केलं आणि गावाचा इतिहास सातवाहनांच्याही मागे गेला. त्यामुळे टेक चढताना पायाखाली दोन हजारांहून जास्त वर्षांचा गावठाणाचा थर आहे असं खुशाल समजा.

तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिर आहे. सावरकरांच्या मित्रमेळ्याची आणि पुढे १९०४ मध्ये अभिनव भारत झालेल्या संघटनेची ही जागा. याच जुन्या गावातल्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या गल्ल्यांची वळणं, एका वाड्याच्या पाठीमागून दुसऱ्यात निघणाऱ्या वाटा पाहिल्या की गुप्त बैठकांना ही वस्ती का सोयीची होती ते कळतं.

रस्त्याखालची रहाड

आणखी वर, तिवंधा आणि जुन्या तांबट लेनच्या बाजूला, चौकाच्या मधोमध उभे राहा. काहीच दिसणार नाही. तुम्ही रहाडीवर उभे आहात.

रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, पेशवेकालीन. वर्षभर लाकडाच्या ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेला असतो, वरून वाहनं जातात. रंगपंचमीच्या आधी तो उघडतात, साफ करतात, पाना-फुलांचा उकळलेला रंग त्यात ओततात, पूजा होते आणि मग सबंध पेठ त्यात उड्या मारते. रहाडीत उतरायची रीत नाही, धप्पा मारायचा असतो, म्हणजे अशी उडी की रंग काठावरच्यांच्या अंगावर उडाला पाहिजे. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी, पंचवटीत शनी चौकाची गुलाबी. दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणाचे कान पिवळे दिसले तर तो तिवंध्याला गेला होता एवढं कळतं. रंग दोन-चार दिवस टिकतो, त्या हिशेबाने शर्ट निवडा.

नाशकात धुळवडीला रंग खेळत नाहीत, तो दिवस वीरांच्या मिरवणुकीचा, दाजीबा वीराचा. नव्याने आलेले लोक धुळवडीला पिचकारी घेऊन खाली उतरतात आणि सोसायटीत एकटेच उभे राहतात.

उताराने परत

आता मेनरोडकडे उतरा. साडेदहा-अकरा वाजले असतील, भूक लागली असेल. मिसळ, साबुदाणा वडा, जिलबी, सगळं याच पट्ट्यात आहे. कुठली मिसळ सर्वांत चांगली यावर मी लिहिणार नाही, मला या गावात राहायचं आहे. घरी न्यायला चिवडा घ्या.

मेनरोडवर जुन्या नगरपालिकेची इमारत दिसेल. तिच्याकडे एक नजर टाकून रविवार कारंजाला या. चांदीच्या गणपतीचं दर्शन घ्या, आणि तिथून गंगेकडे उतरत गेलं की पुलाच्या तोंडाशी सुंदरनारायण. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं. कमानी आणि घुमटांची घडण पाहा, मुसलमानी वास्तुकलेची छाप स्पष्ट आहे. २१ मार्चच्या सुमाराला सूर्योदयाची किरणं थेट मूर्तीच्या पायांवर येतात अशी मांडणी आहे. दगडांच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं चाललंय, परांची बांधलेली दिसली तर बाजूने फिरून पाहा.

समोरचा अहिल्याबाई होळकर पूल, जुनी माणसं त्याला व्हिक्टोरिया पूलच म्हणतात. डाव्या कठड्याने न जाता उजव्या बाजूने ओलांडा, म्हणजे खाली रामकुंड आणि लांबवर दुतोंड्या मारुती दिसेल. पलीकडे उतरलं की पाच मिनिटांत पंचवटी कारंजा. निमाणीची बस तिथून पुढेच मिळते, आणि समई घेतली असेल तर बसायला जागाही लोक देतात.